युद्धाची हकीकत आणि युद्धाचा चित्रपट : सातारा-सांगलीतील दोन चरित्रांच्या आधारे

प्रास्ताविक

पदवीच्या तृतीय वर्षाच्या वर्गास चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकविताना विद्यार्थ्यांना मी मुरलीकांत पेटकर यांच्यावर एक टिपण लिहावयास सांगितले होते. पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे. वर्गातील निम्मी मुले वाळवा, शिराळा, कराड या पट्ट्यातील. तेव्हा घरातून, गावातून ऐकलेले काहीतरी टिपणात येईल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आलेल्या बहुतेक टिपणांची सुरुवात एका पोलीस ठाण्यात होत होती. वृद्ध पेटकर आपल्याला अर्जुन पुरस्कार दिला नाही म्हणून राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदविण्यास येतात आणि तेथे आपली कहाणी सांगतात, असा तो प्रसंग. हा प्रसंग कबीर खान दिग्दर्शित 'चंदू चॅम्पियन' (२०२४) या हिंदी चित्रपटाची चौकट आहे. कथा सांगण्याची सोय म्हणून पटकथाकारांनी तो रचला. मुलांनी मात्र तो चरित्रातील घटना म्हणून लिहिला होता आणि त्यांत त्यांना काही वावगे वाटले नव्हते.

चित्रपट इतिहासाशी प्रामाणिक असतो की नसतो, हा वाद जुना आहे आणि त्यात आता फारसे हाती लागण्यासारखे राहिलेले नाही. 'हे खोटे दाखविले, ते वगळले' अशी यादी करणे सोपे असते. प्रस्तुत लेखाचा हेतू तो नाही. आधुनिक युद्धात प्रत्यक्ष सापडलेल्या माणसाने सांगितलेली हकीकत पडद्यावर जाते तेव्हा तिच्यातील नेमके काय बदलते, आणि तो बदल सर्व हकीकतींच्या बाबतीत एकाच दिशेने होतो काय, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे. त्यासाठी मुख्यतः दोन चरित्रे घेतली आहेत. एक पेटकरांचे. दुसरे जावळी तालुक्यातील केडंबे गावचे, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर धारातीर्थी पडलेले सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांचे.

चतुर्थीतला सैनिक

युद्धातून परतलेल्या माणसाचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले तर त्यातील वाक्यरचना ध्यानात येते. 'मला गोळी लागली' हे वाक्य घ्या. याचा कर्ता 'गोळी' आहे. सैनिक चतुर्थी विभक्तीत आहे. 'आमच्यावर बॉम्ब पडले', 'हुकूम आला', 'गाडी उलटली', 'रात्र झाली' ही सारी याच जातीची वाक्ये. आधुनिक युद्धात शस्त्राचा पल्ला मैलांवर गेला, विमान आले, तोफखाना क्षितिजापलीकडून बोलू लागला, आणि सैनिक बहुधा प्रथमेतून चतुर्थीत ढकलला गेला. ज्याने आपल्याला जखमी केले त्याचे तोंडही त्याने पाहिलेले नसते. जॉन कीगन यांनी 'द फेस ऑफ बॅटल' (१९७६) या ग्रंथात लढाईची पारंपरिक वर्णने आणि सैनिकाचा प्रत्यक्ष अनुभव यांतील ही तफावत तपशिलाने मांडली आहे. त्यापूर्वी जवळजवळ दीड शतक स्टेंढाल या फ्रेंच कादंबरीकाराने आपल्या तरुण नायकाला वॉटर्लूच्या रणभूमीवर फिरविले. आपण पाहिली ती खरोखर लढाईच होती काय, हा प्रश्न त्या नायकाला नंतरही सुटत नाही.

चित्रपटाला चतुर्थी चालत नाही. पडद्यावर ज्याच्यावर प्रकाश आहे त्याने काहीतरी केले पाहिजे. म्हणून हकीकतीतील 'घडले' हे क्रियापद पटकथेत 'केले' होते. माझ्या मते हकीकत आणि चित्रपट यांतील मूळ भेद हा आहे. तपशिलातील इतर फरक बहुतांशी त्यातून निघतात.

पेटकर : शिट्टी आणि चहा

पेटकरांचा जन्म १९४४ चा. लहान वयात ते सैन्याच्या बॉइज बटालियनमध्ये गेले, पुढे विद्युत व यांत्रिकी अभियांत्रिकी दलात, म्हणजे बोलीभाषेत 'ई.एम.ई.'त, क्राफ्ट्समन झाले आणि मुष्टियुद्धात नाव कमावू लागले. १९६५ च्या युद्धात ते गंभीर जखमी झाले. प्रसिद्ध झालेल्या बहुतेक हकीकतींत सियालकोट क्षेत्राचे नाव येते. पेटकरांनी मुलाखतींतून सांगितलेला प्रसंग असा : दुपारची वेळ, जवान विश्रांती घेत होते. हवालदार मेजरने धोक्याची शिट्टी वाजविली. काहींना ती चहाची शिट्टी वाटली आणि ते बाहेर आले. वरून विमानांचा हल्ला झाला. पेटकरांच्या शरीरात गोळ्या शिरल्या, त्यांपैकी एक पाठीच्या कण्यात राहिली. आणि कोसळल्यावर सैन्याचेच वाहन त्यांच्या अंगावरून गेले. पुढे दीर्घ काळ बेशुद्धी व स्मृतिनाश.

या हकीकतीत शत्रूचा चेहरा नाही. शौर्याचा क्षणही नाही. आहे तो एक गैरसमज, एक शिट्टी, आणि आपल्याच बाजूचे एक वाहन. गोळ्यांचा आकडाही निरनिराळ्या वृत्तांत सातपासून नऊपर्यंत बदलतो. त्यात नवल नाही. ज्याला गोळ्या लागल्या तो मोजीत नव्हता, आणि नंतर ज्यांनी मोजल्या त्यांनी ऐकून मोजल्या. येथे कोणी असे म्हणू नये की मग हकीकतही अविश्वसनीयच. आकडा हलता असला तरी चहाची शिट्टी हलत नाही. असा तपशील कोणी रचून सांगत नाही, कारण तो सांगणाऱ्याच्या मोठेपणात काही भर घालीत नाही.

चित्रपटाने या प्रसंगावर मोठे परिश्रम घेतले आहेत हे मान्य केलेच पाहिजे. काश्मीरमधील आरू खोऱ्यात हे युद्धदृश्य सुमारे आठ मिनिटांच्या एकसंध चित्रणात टिपले आहे. मध्ये कोठेही काप नाही. छावणीवर हल्ला होतो आणि कॅमेरा मुरलीच्या पाठोपाठ धावत सुटतो. धूर, आरडाओरड, माती, पुन्हा उठणे, पुन्हा धावणे. एकसंध चित्रणाचा हेतू उघड आहे : प्रेक्षकाला 'आपण तेथेच आहोत' असे वाटावे. गंमत अशी की, जी युक्ती सर्वाधिक वास्तववादी म्हणून योजली तीच हकीकतीपासून सर्वांत दूर जाते. आठ मिनिटे अखंड पाहणारा एक डोळा तेथे आहे. प्रत्यक्ष हकीकतीत असा डोळा कोणाचाच नव्हता. ज्याच्या आयुष्यात हे घडले त्याच्या स्मृतीत तर त्यानंतरचे कित्येक महिने कोरेच आहेत. हकीकतीचे खरे रूप तुटक आहे. चित्रपट त्या तुटक्या जागा सांधतो आणि सांधलेल्या जागी एक लढणारा नायक उभा राहतो.

सियालकोटच्या सपाट मुलखाऐवजी काश्मीरचे खोरे आले, ही त्या मानाने गौण गोष्ट. हिंदी चित्रपटाच्या कल्पनेत पाकिस्तानशी युद्ध म्हटले की बर्फाचे डोंगर किंवा राजस्थानची वाळू. पंजाबच्या उसाच्या व भाताच्या शेतांतून लढले गेलेले १९६५ चे युद्ध त्या कल्पनेत बसत नाही.

खरा प्रश्न त्यापुढे येतो. पेटकरांच्या आयुष्यात गोळीचा प्रसंग काही क्षणांचा, आणि त्यानंतरचा काळ अर्धशतकाहून अधिक. मुंबईतील नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयातील उपचार, शरीराला चलनवलन मिळावे म्हणून सुरू केलेले पोहणे, १९६८ साली तेल अवीव येथील अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धेत टेबल टेनिसमधील सहभाग, १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक. ते भारताचे पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक होय. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मदतीचा हात दिला. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी. मदत नको, काम द्या, अशी पेटकरांची भूमिका होती असे सांगितले जाते. १९८२ च्या सुमारास अर्जुन पुरस्कारासाठीचा त्यांचा दावा नाकारला गेला. २०१८ साली पद्मश्री मिळाली, चित्रपट १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. चित्रपटामुळेच तो मिळाला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु हा क्रम टीकाकाराला अडचणीत टाकणारा आहे. चार दशके मुलाखती, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि अर्ज यांनी जे साधले नाही त्याकडे, रचलेल्या पोलीस ठाण्यातील रचलेल्या तक्रारीने देशाचे लक्ष वेधले. हकीकतीच्या बाजूने बोलणाऱ्याने हे प्रथम कबूल करावे आणि मगच पुढे जावे.

चित्रपटाच्या आरंभी एक फार सुंदर गोष्ट आहे. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतलेल्या खाशाबा जाधवांचे स्वागत बालमुरली पाहतो आणि तेथे त्याच्या मनात पदकाचे बीज पडते. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. पेठ आणि गोळेश्वर यांत अंतर थोडेच. असा प्रसंग घडला असेल वा नसेल, पण त्या काळी या भागातील आठ वर्षांच्या मुलाला खाशाबांचे नाव ठाऊक नसणे अशक्य होते. येथे चित्रपटाने हकीकतीत भर घातली, पण भर घालताना भूमी ओळखली. हाच विवेक युद्धदृश्यात का दिसत नाही? कारण कुस्तीच्या आखाड्यात माणूस खरोखरच कर्ता असतो, त्याला कर्ता दाखविण्यासाठी काही मोडावे लागत नाही.

जिवंत माणसांचे मरण

चित्रपट सैनिकाला कर्तेपण देतो, त्याची पुढची पायरी म्हणजे त्याला मरण देणे. जे. पी. दत्ता यांचा 'बॉर्डर' (१९९७) हा या बाबतीत कायम लक्षात राहण्यासारखा. ४ व ५ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानची लोंगेवालाची लढाई हा त्याचा विषय. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखालील पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या पलटणीतील सुमारे १२० जवानांच्या तुकडीने रणगाड्यांसह आलेल्या मोठ्या पाकिस्तानी सैन्याला रात्रभर रोखले, आणि पहाटे जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी रणगाडे टिपले. या लढाईत ठाण्यावरील भारतीय सैनिकांपैकी दोनजण कामी आले. पडद्यावर मात्र एकामागून एक प्रमुख पात्रे धारातीर्थी पडतात. सुनील शेट्टी यांनी रंगविलेले भैरोसिंग हे त्यांपैकी एक. प्रत्यक्षातील भैरोसिंग राठोड, सीमा सुरक्षा दलाचे जवान, यांना १९७२ साली सेना पदक मिळाले, ते निवृत्त झाले आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूर येथे वृद्धापकाळी निवर्तले. म्हणजे चित्रपटात 'हुतात्मा' झाल्यानंतर ते २५ वर्षे हयात होते. अक्षय खन्ना यांनी साकारलेला तरुण अधिकारी धरमवीर याचीही तीच गत. चित्रपटात तो मरतो, प्रत्यक्षातील अधिकारी लढाईतून सुखरूप आले.

एखाद्या निवृत्त जवानाने आपले हौतात्म्य चित्रपटगृहात बसून पाहावे, यात विनोद आहे तसे काहीतरी क्रूरही आहे. दोन मृत्यूंची लढाई ही लष्करी दृष्टीने थोर कामगिरी होय. इतक्या थोड्या हानीत एवढ्या मोठ्या सैन्याला थोपविणे याहून अधिक काय हवे? परंतु पडद्याचा हिशेब वेगळा. तेथे पराक्रम मृतांच्या संख्येने मोजला जातो. जो जगला त्याचा पराक्रम कमी पडतो.

येथे कोणी पोवाड्याचे उदाहरण देईल, आणि ते योग्यच आहे. सिंहगडाच्या पोवाड्यातील घोरपड इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही म्हणून आपण शाहिराला खोटारडा म्हणत नाही. या मुलखाचे कान डफ-तुणतुण्यावर वाढले आहेत. अतिशयोक्ती हा त्या प्रकाराचा धर्म आहे हे श्रोत्याला ठाऊक असते. मग चित्रपटालाच हा दंडक का? माझे उत्तर असे की, शाहीर 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावीत नाही, आणि पोवाड्याच्या अखेरीस नायकाचे खरे छायाचित्र दाखवीत नाही. आजचा चरित्रपट पोवाड्याची मुभा घेतो आणि वर दस्तऐवजाचा शिक्काही मागतो. दोन्ही एकाच वेळी मिळाल्यामुळेच माझ्या वर्गातील टिपणे पोलीस ठाण्यात सुरू झाली.

उलट, हकीकत सांगणाऱ्यानेही कधी जुने नाव घेतले आहे. १९६२ च्या युद्धात चिन्यांच्या कैदेत गेलेल्या श्याम चव्हाण यांच्या पुस्तकाचे नाव 'वालाँग : एका युद्धकैद्याची बखर' असे आहे. बखर हा काही निर्भेळ हकीकतीचा प्रकार नव्हे, हे आपण सारे शिकवितो. तरीही युद्धकैद्याने तो शब्द निवडावा हे अर्थपूर्ण आहे. त्यात विजयाचा आव नाही. पराभव पाहून आलेल्या माणसाने धन्याला कळविलेला वृत्तांत असा त्या शब्दाचा जुना सूर आहे. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांची 'डोमेल ते कारगिल' आणि 'न सांगण्याजोगी गोष्ट' ही पुस्तके मराठीतील युद्धवाङ्मयात महत्त्वाची आहेत, पण ती युद्धाचा एकूण पट मांडणारी आहेत. एकट्या माणसाच्या अनुभवाची मराठी पुस्तके त्या मानाने थोडी, आणि जी आहेत ती बहुतेक अधिकाऱ्यांची. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

ओंबळे : ज्याने खरोखर केले

आतापर्यंतचे विवेचन एकाच दिशेने गेले : हकीकतीत 'घडले', चित्रपटात 'केले'. ओंबळे यांचे उदाहरण हा नियम तपासून पाहण्यास भाग पाडते. येथे कर्तेपण रचावे लागत नाही. तुकाराम ओंबळे हे सैन्यातून निवृत्त होऊन मुंबई पोलीस दलात आलेले. डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या नाकाबंदीवर ते हातात लाठी घेऊन उभे होते. त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि नळी सोडली नाही. त्यामुळे कसाब जिवंत हाती लागला. आधुनिक युद्धात दुर्मीळ झालेला हा प्रकार : शत्रू हाताच्या अंतरावर आहे आणि माणूस निर्णय घेतो. मरणोत्तर अशोकचक्राने (२००९) त्याची नोंद झाली.

या प्रसंगाची अधिकृत हकीकत न्यायालयीन कागदपत्रांत आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑगस्ट २०१२ चा निर्णय, साक्षीदार पोलिसांच्या जबानीच्या आधारे, हा प्रसंग सांगतो. त्यातील एक तपशील मला विसरता येत नाही. नाकाबंदीजवळ आलेल्या गाडीला पोलिसांनी बाहेरचे दिवे बंद करून आतला दिवा लावण्यास सांगितले. चालकाने दिवे तसेच ठेवले आणि समोरच्या काचेवर पाण्याचा फवारा सोडून वायपर चालू केले, जेणेकरून आतले काही दिसू नये. मग गाडी वळविण्याच्या प्रयत्नात ती दुभाजकावर अडकली. वायपरचा हा तपशील चहाच्या शिट्टीच्या जातीचा आहे. मध्यरात्र, पाऊस नाही, आणि काचेवर पाणी. त्या क्षणी बाहेर उभ्या असलेल्या पोलिसांना नेमके किती दिसत होते, याची कल्पना या एका गोष्टीवरून येते. ओंबळे पुढे झाले ते अशा अंधूकपणात. न्यायालयाच्या कोरड्या भाषेने त्यांच्या धाडसाची खरी किंमत सांगितली आहे, कारण तिने प्रथम परिस्थितीची अनिश्चितता सांगितली.

राम गोपाल वर्मा यांच्या 'द अटॅक्स ऑफ २६/११' (२०१३) मध्ये चौपाटीचा प्रसंग अर्थातच आहे. पण त्या चित्रपटाचा निवेदक आहे सहआयुक्त. नाना पाटेकर यांनी साकारलेला हा अधिकारी चौकशी समितीपुढे बसून त्या रात्रीची कथा सांगतो, आणि उत्तरार्ध तर त्याच्या व कसाबच्या समोरासमोरच्या प्रसंगांनी व्यापला आहे. अभिनय म्हणून ते प्रसंग प्रभावी आहेत, विशेषतः शवागारातील. परंतु त्या रात्री समोरासमोर जे खरे घडले ते चौपाटीवर; नंतरचे सारे बंदोबस्तात घडले. चित्रपटाने गुरुत्वमध्य चौपाटीवरून चौकशीच्या खोलीत नेला, फौजदाराकडून सहआयुक्ताकडे नेला. म्हणजे जेथे सैनिक वा शिपाई कर्ता नव्हता तेथे त्याला कर्ता केले, आणि जेथे तो निर्विवाद कर्ता होता तेथे त्याच्या कृतीचा अर्थ सांगण्याचा अधिकार वरिष्ठाकडे दिला.

यावरून पहिला नियम थोडा दुरुस्त करावा लागतो. चित्रपटाला कर्ता हवा असतो हे खरे. पण त्याहूनही त्याला बोलणारा हवा असतो. ओंबळे बोलण्यास उरले नाहीत. बोलणारा मिळाला तो अधिकारी. पेटकरांच्या बाबतीत नायक हयात होता आणि बोलत होता, म्हणून तो निवेदक झाला. पण त्याच्या बोलण्यातील चतुर्थी पुसून टाकण्यात आली.

२६/११ च्या हकीकतींत विनिता कामटे यांचे विनिता देशमुख यांच्यासह लिहिलेले 'टू द लास्ट बुलेट' (२००९) हे पुस्तक या दृष्टीने वेगळे उठून दिसते. पती अशोक कामटे यांच्या मृत्यूची हकीकत त्यांनी माहितीच्या अधिकारात मिळविलेल्या नियंत्रण कक्षाच्या नोंदींतून जुळविली. त्यामुळे पुस्तकाचा खरा नायक वेळ आहे : कोणता संदेश किती वाजता गेला, मदत किती वेळाने आली, जखमी किती वेळ पडून होते. या प्रकारची हकीकत पडद्यावर आणणे अवघड, कारण तिच्यातील मुख्य घटना म्हणजे काहीच न घडणे. आणि त्या रात्री कामा रुग्णालयाच्या गल्लीत ज्या गाडीत अधिकारी मारले गेले, तीत मागच्या बाजूस जखमी अवस्थेत जिवंत राहिलेला साक्षीदार होता तो एक पोलीस शिपाई. सत्य सांगणारा शिपाई आणि कथेचा स्वामी अधिकारी, ही विभागणी येथेही आहे.

बाहेरची उदाहरणे थोडक्यात

हा दोष हिंदी चित्रपटाचाच आहे असे मात्र नव्हे. मार्क बाउडन यांचे 'ब्लॅक हॉक डाउन' (१९९९) हे सोमालियातील मोगादिशू येथील १९९३ च्या चकमकीवरील पुस्तक अनेक सैनिकांच्या मुलाखतींतून रचलेले आहे; त्यात गोंधळ हाच स्थायीभाव आहे. रिडली स्कॉट यांच्या चित्रपटाने (२००१) तो गोंधळ देखणा केला, आणि अडकलेल्या अमेरिकनांना सोडविण्यास गेलेल्या पाकिस्तानी व मलेशियन तुकड्यांना जेमतेम जागा दिली. आपल्याकडे ब्रिगेडियर बलराम सिंग मेहता यांच्या 'द बर्निंग चॅफीज' या गरीबपूरच्या रणगाडा-लढाईवरील पुस्तकाचा 'पिप्पा' (२०२३) झाला तेव्हा एका स्क्वाड्रनची कथा एका कुटुंबातील भावंडांची कथा झाली.

कबीर खान यांचे उदाहरण अधिक बोधक आहे. 'चंदू चॅम्पियन'च्या या दिग्दर्शकाने कारकिर्दीच्या प्रारंभी आझाद हिंद सेनेवर एक अनुबोधपट केला होता. त्यात कॅप्टन लक्ष्मी सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ ही वृद्ध माणसे जुन्या वाटेने पुन्हा प्रवास करतात आणि आठवतील तसे बोलतात. वीस वर्षांनी, २०२० साली, त्याच विषयावर त्यांनी वेबमालिका केली. तीत काल्पनिक तरुण नायक आहे, प्रेमकथा आहे. एकाच माणसाने, एकाच विषयावर, दोन्ही प्रकारे काम केल्यामुळे या भेदाचे खापर अज्ञानावर फोडता येत नाही. ज्याला हकीकत उत्तम ठाऊक आहे तोही पडद्यावर जाताना तिला बदलतो. मागणी माध्यमाची आणि बाजाराची आहे.

भाषेचा मुद्दा

आणखी एक गोष्ट राहिली. मराठी चित्रपटाने गेल्या काही वर्षांत युद्धपट बरेच केले, 'फर्जंद' (२०१८) आणि 'पावनखिंड' (२०२२) ही त्यांतील गाजलेली नावे. पण त्यातील युद्ध सतराव्या शतकातले. विसाव्या शतकातील मराठी सैनिक मराठीत क्वचितच दिसतो. मिलिटरी अपशिंग्यासारखी गावे असलेल्या जिल्ह्याला, ज्याच्या घराघरांत पलटणीचे क्रमांक नातेवाइकांच्या नावांसारखे उच्चारले जातात, आपली आधुनिक युद्धकथा हिंदीतून ऐकावी लागते. पेटकरांची हकीकत हिंदीत गेली तेव्हा तिची बोली गेली. 'मला गोळी लागली' आणि 'मैंने गोली खाई' ही दोन वाक्ये एकच घटना सांगतात, पण एक नाहीत. दुसऱ्यात सैनिकाने काहीतरी केले आहे. या भाषांतरातच अर्धी पटकथा तयार झालेली असते.

विद्यार्थ्यांच्या त्या टिपणांनंतर मी वर्गाला दुसरे काम दिले. ज्यांच्या घरात वा गावात निवृत्त सैनिक आहेत त्यांनी त्यांची हकीकत त्यांच्याच शब्दांत उतरवून आणावी. कराड तालुक्यातील एका विद्यार्थ्याने १९७१ च्या युद्धात असलेल्या आपल्या आजोबांचे बोलणे तासाभराच्या ध्वनिमुद्रणातून लिहून काढले. त्यात रेल्वेचा तीन दिवसांचा प्रवास होता, ओले बूट होते, पावभाजीसारखी दिसणारी पण चव नसलेली डब्यातील भाजी होती, घरून दीड महिन्याने आलेले पत्र होते आणि ते वाचून दाखविणारा चिपळूणचा जोडीदार होता. 'प्रत्यक्ष लढाई' असा मथळा देऊन त्याने खाली चार ओळी लिहिल्या होत्या : रात्री पुढे जाण्याचा हुकूम आला, पाण्यातून गेलो, आवाज फार झाला, सकाळी जोडीदार नव्हता. आजोबा याउपर काही सांगत नाहीत, तेव्हा हा भाग इतर पुस्तकांच्या आधारे वाढवू का, असे त्याने विचारले. मथळा आहे तसा ठेवावा आणि ओळीही चारच ठेवाव्यात, असे मी त्याला सांगितले.